रेडीपर्यंत पोहोचायलाच हवे का?

पुण्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वय ५२, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दीड वर्ष झाले. गेली चार वर्षे त्या नेमाने सायकल चालवतात. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंतची फेरी आठवड्यातून दोनदा होते आणि एका दिवसात ९० किलोमीटर अंतर त्यांनी अनेकदा कापले आहे. मात्र सामान लादून, ओळीने अनेक दिवस सायकल चालवण्याचा अनुभव त्यांना नाही. ११ ऑक्टोबरला घरून निघायचे, ताम्हिणी घाट उतरायचा, श्रीवर्धनपासून किनारा धरायचा आणि आठ दिवसांत सिंधुदुर्गातल्या रेडीला पोहोचायचे, असा बेत त्यांनी केला आहे. सगळ्या मुक्कामांचे पैसे भरून झाले आहेत. घरच्यांचा आक्षेप एकटीने जाण्याला आहे आणि बेभरवशाच्या हवेलाही. यजमानांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना सायकल शक्य नाही. ‘जायचेच असेल तर मी गाडी घेऊन मागे राहतो,’ असे ते म्हणतात. गाडी मागे असली तर तो प्रवास आपला राहणार नाही, असे या भगिनींना वाटते. डिसेंबरात मुलीचे बाळंतपण आहे. त्यासाठी त्या बेंगळुरूला जातील आणि निदान सहा महिने तरी परतणार नाहीत. ‘आता नाही तर कधीच नाही,’ असे लिहून त्या विचारतात : खात्रीच्या कोरड्या हवेची वाट पाहावी, एखाद्या गटाबरोबर जावे, गाडी मागे घ्यावी, की कोणाचेही न ऐकता निघावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी सर्वांत अधिक वेळ थांबले ती मुक्कामांचे पैसे भरल्याच्या ओळीपाशी. पावसाबद्दल तुम्ही एक पानभर लिहिले आहे, एकटीने जाण्याबद्दल त्याहून अधिक, आणि पैशांचा उल्लेख मात्र जाता जाता केला आहे. तरीही या बेतात तुमच्या जिवाला धोका कुठून संभवतो असे कोणी मला विचारले, तर मी त्याच ओळीवर बोट ठेवीन. आठ दिवस, आठ गावे, प्रत्येक संध्याकाळ आधीच ठरलेली : अशा बेतात हवा बिघडली की माणूस बेत बदलत नाही, वेग वाढवतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातच, मी एका खाडीच्या जेटीवर दुपारी तीन वाजता पोहोचले तेव्हा वाऱ्यामुळे फेरीबोट थांबवलेली होती. पलीकडच्या गावात खोली घेतलेली होती, पैसे दिलेले होते, आणि त्या एका कारणासाठी मी खाडीला वळसा घालणारा रस्ता धरला. साडेसहाला सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, अंधार पडला, विजा सुरू झाल्या, आणि आसपास आडोशाला एक झाडही नव्हते. (झाड नव्हते हे माझे सुदैव होते, हे मला पुढे कळले.) रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीतून एका आजोबांनी हाक मारून मला आत घेतले. ती हाक आली नसती तर मी पुढेच जात राहिले असते, कारण खोली माझी वाट पाहत होती.

म्हणून पहिली सूचना : पुढच्या आठवड्यात प्रत्येक मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून तारीख पुढे-मागे करता येईल का, हे विचारा. कोकणातली घरगुती निवासाची मंडळी हवेचा विषय आपल्याहून चांगला जाणतात आणि बहुतेक जण समजून घेतात. जिथे जमणार नाही, तिथले पैसे बुडाले असे आजच मनाशी धरा. बुडालेल्या पैशांचे ओझे सायकलवर घेऊन सड्यावर जाऊ नये.

आता हवेविषयी. ‘खात्रीची कोरडी हवा’ असे तुम्ही लिहिता. तशी हवा कोकणात असते, पण ती साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत. ऑक्टोबर हा संधिकाळ आहे. हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून त्याच्या माघारीची तारीख ८ ऑक्टोबर ठरली. ही माघार उत्तरेकडून दक्षिणेकडे होते. म्हणजे वर्ष अगदी सरासरीचे निघाले, तरी ११ तारखेला श्रीवर्धनच्या दिशेने निघालेल्या तुम्ही परतणाऱ्या पावसाच्या मागोमाग दक्षिणेला जात राहाल, आणि जो सिंधुदुर्ग तुम्ही शेवटच्या तीन दिवसांसाठी राखून ठेवला आहे, तिथून तो सर्वांत उशिरा निघेल. याशिवाय पावसाळ्यानंतरचे हे महिने अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचेही असतात. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत ‘क्यार’ वादळाने कोकणाला झोडपले. ‘फयान’ तर ११ नोव्हेंबर २००९ रोजी थेट किनाऱ्यावर आले. ही उदाहरणे तुम्हाला भिववण्यासाठी दिलेली नाहीत. दिनदर्शिकेतली तारीख हवेची हमी देत नाही, एवढेच त्यांतून घ्यावे.

मात्र ऑक्टोबरातल्या कोकणी दिवसाला एक ठरावीक चाल असते आणि ती ओळखली तर हा महिना निभावता येतो. सकाळ बहुधा स्वच्छ असते. दहानंतर ऊन आणि दमटपणा असह्य होऊ लागतो. दुपारनंतर ढग चढतात, आणि ते चढतात सह्याद्रीवर. किनाऱ्याने जाणाऱ्याची नजर साहजिकच समुद्राकडे असते, परंतु या दिवसांतला गडगडाटी पाऊस अनेकदा पूर्वेकडून, घाटमाथ्याकडून उतरत किनाऱ्यापर्यंत येतो. दुपारी बारानंतर दर अर्ध्या तासाने मागे, डोंगराकडे पाहण्याची सवय लावून घ्या. पहाटे साडेपाचला आवरून, उजाडताच निघावे आणि साडेअकरा-बाराला त्या दिवसाची सायकल संपवावी. ऊन आणि वीज या दोन्हींपासून वाचण्याचा हाच एक उपाय आहे. तुम्ही रोज ७० ते ७५ किलोमीटरांचा हिशेब मांडला आहे, तो या वेळात बसणार नाही. नकाशावर सपाट दिसणारा सागरी महामार्ग प्रत्यक्षात सतत चढतो आणि उतरतो : गाव खाडीच्या तोंडाशी, मग तीव्र चढ, वर जांभ्याचा उघडा सडा, पुन्हा खाली दुसरी खाडी. सामान लादलेल्या सायकलवर ४५ ते ६० किलोमीटर म्हणजे पूर्ण दिवस झाला असे समजावे.

सड्यावरची वीज ही या प्रवासातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. सड्यावर मैलभर परिसरात तुमच्याहून उंच असे काही नसते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना अंतर साधारण एक किलोमीटर धरतात. मोजणी ३० च्या आत आली की लगेच आसरा गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तो सोडू नये. आसरा म्हणजे पक्के घर, शाळेची इमारत किंवा काचा वर केलेली मोटार. एकटे झाड, विजेचा खांब, तारेचे कुंपण आणि पत्र्याची उघडी शेड म्हणजे आसरा नव्हे. काहीच जवळ नसेल तर सायकल आडवी टाकून तिच्यापासून दूर व्हावे, जरा सखल जागा पाहून पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आपल्या भोवतीच्या विजांची सूचना देते. ते आजच फोनमध्ये घ्या. परंतु चढउतारांच्या या रस्त्यावर अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून सेकंद मोजणे विसरू नका.

अंदाज कसा वाचावा, हेही तुम्ही विचारले आहे. शिमला ऑफिसच्या चौकातून रोज जाणाऱ्या आपल्या शहराने अंदाजांची थट्टा पुष्कळ केली. पण १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलेल्या हवामान विभागाच्या त्या कचेरीचे काम मी आदराने पाहते. पुढच्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर निर्णय घ्यावा, पाचव्या दिवसाच्या अंदाजाकडे इशारा म्हणून पाहावे आणि त्यापुढच्यावर खोली घेऊ नये. हवामान विभागाच्या जिल्हानिहाय इशाऱ्यांच्या रंगांचा नियम स्वतःपुरता आधीच लिहून ठेवा. पिवळा असेल तर निघावे, पण अकरापर्यंत संपवावे. नारिंगी असेल तर त्या गावातच राहावे. लाल असेल तर सायकलला हात लावू नये आणि घाटात मोटारही घालू नये. हा नियम घरी, शांतपणे लिहायचा आहे. सकाळी सहाला, सामान बांधून झाल्यावर, बाहेर लख्ख ऊन दिसत असताना तो नव्याने ठरवू लागलात तर तुम्ही निघालच. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी तुमच्या गावात थेंबही पडला नाही, असेही होईल, कारण इशारा सगळ्या जिल्ह्याला असतो आणि ढग एखाद्या तालुक्यावर रिकामा होतो. तो दिवस वाया गेला असे मानू नका.

घरच्यांच्या आक्षेपाकडे वळते. एकट्या बाईने कोकणात सायकलने फिरणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि मुक्कामाच्या घरातली काकू तुमची आपुलकीने चौकशी करील, याबद्दल मला शंका नाही. तरीही काळजी करणाऱ्यांना केवळ ‘काही होत नाही’ असे सांगून त्यांची काळजी जात नाही. त्यांना काहीतरी नेमके हाती द्यावे लागते. दिवसातून दोन ठरलेले फोन, निघताना एक आणि पोहोचल्यावर एक. पुढच्या मुक्कामाचा फोन क्रमांक घरी. दुपारी दोनपर्यंत तुमचा फोन आला नाही तर यजमानांनी आधी त्या मुक्कामी विचारायचे, तिथेही पत्ता नसेल तर ११२ ला कळवायचे. एवढे ठरले की दर वीस मिनिटांनी ‘कुठे आहेस?’ असे विचारण्याचे कारण उरत नाही.

पण तुमच्या यजमानांच्या गाडीविषयी मला थोडे हळुवारपणे विचारायचे आहे. गाडी आली की प्रवास आपला राहत नाही, असे तुम्ही म्हणता. फेरीबोटीचा खलाशी तुमची सायकल धरील, एखादा दुकानदार पंक्चर काढून देईल, अनोळखी घरात तुम्हाला आयते जेवण मिळेल. या मदतीने तुमचा प्रवास उणा होणार नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. मग उणेपणा नेमका एकाच माणसाच्या मदतीने का यावा? कदाचित तुम्हाला नको आहे ती गाडी नसेल. कुठे थांबायचे, केव्हा निघायचे, काय खायचे, हे तीस वर्षे सगळ्यांच्या सोयीने ठरवल्यावर आठ दिवस ते कोणालाही न विचारता ठरवावे, एवढीच इच्छा असेल. तसे असेल तर ती फार रास्त इच्छा आहे आणि ती यजमानांना याच शब्दांत सांगायला हवी. त्यांना सध्या इतकेच ऐकू येत आहे की मी नको आहे.

त्यांचा मागे राहण्याचा बेत मात्र सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. कोकणातल्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर सायकलच्या वेगाने रेंगाळणारी मोटार हाच एक अडथळा ठरतो. तिला ओलांडून येणाऱ्या वाहनाला तिच्यापुढची सायकल दिसत नाही. त्यांनी मागे राहू नये, दोन टोकांना असावे. ताम्हिणीतून श्रीवर्धनपर्यंत तुम्हाला आणि सायकलला मोटारीने पोहोचवावे आणि परत फिरावे. मधले दिवस सर्वस्वी तुमचे. शेवटच्या ठिकाणी त्यांनी घ्यायला यावे. घाट मोटारीने उतरण्याने तुमच्या कर्तृत्वाला काही बाध येत नाही. ऑक्टोबराच्या सुरुवातीला ताम्हिणीत धुके, ओला उतार, सुटलेल्या दरडी आणि सुट्टीच्या गर्दीची वाहने हे सगळे एकदम असू शकते. सामान लादलेल्या सायकलचा पहिलाच दिवस तिथे घालवावा असे मला वाटत नाही.

गटाबरोबर जाण्याचा पर्याय मी फार विचारात घेतला नाही. चांगले गट आहेत, त्यांच्यासोबत दुरुस्तीची गाडी असते आणि पहिल्या अनुभवासाठी ते उत्तम. पण गटाचा कार्यक्रम तुमच्या बेतापेक्षाही ताठ असतो, आणि तुम्हाला हवा आहे तो एकांत तिथे मिळणार नाही.

याच पेचात असलेल्या काही वाचकांना आणखी एक मार्ग सोयीचा पडेल, विशेषतः ज्यांना स्वतः मोटार चालवता येते त्यांना. सायकल मागच्या स्टँडवर बांधून गुहागर किंवा दापोलीसारख्या एका गावी मुक्काम करायचा आणि रोज सकाळी रिकाम्या सायकलने वेगवेगळ्या दिशेला ३०-४० किलोमीटरांची फेरी मारून परतायचे. हवा बिघडली तर घर हाताशी, सामानाचे ओझे नाही, परतीचा प्रश्न नाही. यात उणीव एकच : संध्याकाळी नव्या गावात पोहोचण्याचा आनंद मिळत नाही. तुमचे पत्र त्या आनंदाविषयीच आहे, म्हणून तुम्हाला मी हा मार्ग सुचवत नाही.

तुम्हाला मी सुचवते ते असे : या ऑक्टोबरात रेडीला जाऊ नका. किनारा दोन भागांत वाटा. पाऊस उत्तरेकडून आधी निघत असल्याने उत्तरेचा भाग आता घ्या, श्रीवर्धन ते गणपतीपुळे. पहिल्या दिवशी हरिहरेश्वरावरून बागमांडल्याला येऊन फेरीबोटीने वेसवी आणि पुढे केळशी; मग आंजर्ले आणि हर्णै; मग दाभोळला खाडी ओलांडून धोपावे, गुहागर; आणि शेवटी हेदवीवरून तवसाळ-जयगड फेरी आणि गणपतीपुळे. सायकलचे दिवस चार, हातात दिवस सात. उरलेले तीन दिवस हवेसाठी राखीव ठेवा आणि ते कुठे खर्च होतील हे आज ठरवू नका. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या तीन नद्यांच्या खाड्या या वाटेवर बोटीने ओलांडाव्या लागतात. म्हणून प्रत्येक जेटीच्या अलीकडच्या गावातही एक मुक्काम मनात असू द्या आणि बोट चालू आहे ना, हे आदल्या संध्याकाळी विचारा. दाभोळला बोट मिळाली नाही, तर दापोली, खेड, चिपळूण असा १०० किलोमीटरांहून मोठा फेरा पडतो. तो फेरा सायकलने करायचा नाही. दाभोळलाच राहायचे किंवा सायकल टेम्पोत टाकायची. तसेच मध्येच थांबावेसे वाटले तर खेड, चिपळूण आणि रत्नागिरी ही कोकण रेल्वेची स्थानके आहेत; प्रत्येक गाडीत सायकल घेतलीच जाईल असे नसते, म्हणून पार्सलची चौकशी आधी करून ठेवा.

दुसरा भाग, रत्नागिरी ते रेडी, येत्या नव्हे, त्यापुढच्या जानेवारीत, म्हणजे बाळ वर्षाचे झाल्यावर. तेव्हा हवा कोरडी असते आणि दुपारनंतर वायव्येचा वारा दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीशी असतो. ‘आता नाही तर कधीच नाही’ या तुमच्या वाक्यात वयाची भीती मला फारशी दिसत नाही, कारण ५४ व्या वर्षी तुम्ही आजच्यासारखीच सायकल चालवत असाल. भीती वेगळी आहे आणि ती खरी आहे : घरातल्या बाईने स्वतःसाठी ठेवलेली तारीख कोणाच्या तरी आजारपणाने, बारशाने, परीक्षेने हटकून खाल्ली जाते. म्हणून तो आठवडा आत्ताच ठरवा आणि बेंगळुरूला जाण्याआधी मुलीला आणि जावयांना स्पष्ट सांगा की त्या दिवसांत आई उपलब्ध नाही.

सामानाविषयी थोडेच लिहिते. कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलच्या कॅरिअरला अडकवायच्या पिशवीत. रेनकोट गडद रंगाचा नको, लांबून दिसेल असा पिवळा किंवा भगवा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. दोन ट्यूब, पंपासह पंक्चरचे सामान आणि ब्रेक पॅडची एक जादा जोडी बरोबर असू द्या, कारण लाल मातीचा चिखल पॅड भराभर खातो आणि गिअरच्या सायकलचे भाग लहान गावांत मिळत नाहीत. रोज मुक्कामी पोहोचल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्या. जेटीचा शेवाळलेला उतार आणि फेरीबोटीची ओली लोखंडी फळी यांवर सायकलवरून उतरूनच चालावे. पाण्यात मीठ-साखर घालायला विसरू नका. ऑक्टोबरातला घाम तहान लागण्याआधीच थकवा आणतो.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य करा. अजून पुण्यात पाऊस आहे. या किंवा पुढच्या रविवारी, जे सामान कोकणात नेणार ते सगळे लादून, पाऊस असताना, पानशेतपर्यंत जाऊन परत या. यजमानांना घरीच थांबू द्या आणि ठरल्याप्रमाणे दोनच फोन करा. ओल्या उतारावर ब्रेक किती आधी दाबावे लागतात, कोणती पिशवी गळते, भरल्या सायकलवर चढ चढताना श्वास कुठे तुटतो आणि दोन फोनांच्या मधल्या वेळेत घरी काय होते, हे सगळे त्या एका दिवसात कळेल. मग खोल्यांचे फोन करायला घ्या, सुरुवात श्रीवर्धनपासून.